लाज कोणी बाळगावी?



आपण रोज त्रिरत्न वंदना म्हणतो. तिच्यातील धम्म वंदनेत धम्माची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत दोन शब्द लागोपाठ येतात. एक ‘एहिपस्सिको’ आणि दुसरा ‘ओपनाय्यिको’. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांतील लहान मुलांनाही हे शब्द तोंडपाठ असतात, पण त्यांचा अर्थ आपण थांबून पाहतो असे नाही. ‘एहिपस्सिको’ म्हणजे ये आणि पाहा. मी सांगतो म्हणून मान, असे भगवंतांनी कोणालाही म्हटले नाही. स्वतः येऊन पाहा, असे म्हटले. ‘ओपनाय्यिको’ म्हणजे जे पाहिले ते आत न्यावे, आपल्या मनाला आणि आपल्या वागण्याला लावून पाहावे. पहिला शब्द डोळ्यांसाठी आहे, दुसरा आचरणासाठी आहे. या दोहोंमध्ये केवढे अंतर आहे, हे मला वंदना म्हणून कळले नव्हते. ते माझ्या वर्गातील एका मुलाच्या दुःखाने मला शिकविले. तीच हकीकत आज आपणासमोर ठेवणार आहे. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तिच्यात चूक माझी आहे.

मी शहरातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना मराठी आणि इतिहास शिकवितो. वर्गात चाळीतली मुले आहेत, झोपडपट्टीतली आहेत, थोडी इमारतींत राहणारीही आहेत. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, हे उत्तर सगळी मुले बिनचूक लिहितात आणि पूर्ण गुण मिळवितात. पण ‘आज जात कोठे दिसते?’ असे विचारले, की वर्ग एका सुरात म्हणतो, “पूर्वी होती, सर. आता खेड्यात असेल.” शहरातल्या मुलांना जात हा धड्यातला विषय वाटतो. आपल्या बाकावर, आपल्या डब्यात, आपल्या हाका मारण्यात ती बसलेली आहे, हे त्यांना दिसत नाही. मी विचार केला, सांगून दिसत नाही तर दाखवावे. ‘ये आणि पाहा’ असेच धम्म म्हणतो ना?

शाळेत प्रोजेक्टर होता. मी २०१३ सालचा, नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘फँड्री’ हा चित्रपट निवडला. आपणांपैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. कैकाडी समाजातील जब्या नावाचा शाळकरी मुलगा, त्याचे गरीब आईवडील, वर्गातील शालू नावाच्या मुलीवर जडलेले त्याचे मन आणि गावाने त्या घरावर लादलेले डुकरे पकडण्याचे काम, अशी ती गोष्ट आहे. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. एका शनिवारी मी पावणेदोन तासांचा तो चित्रपट आधी काही न सांगता, मध्ये न थांबता, सलग दाखविला. मुले रडतील, निदान गप्प होतील, अशी माझी कल्पना होती.

मुले हसली. बंधू-भगिनींनो, जब्याचे सगळे घर दोर घेऊन डुकरामागे धावू लागले आणि माझा वर्ग पोट धरून हसू लागला. चित्रपट संपला तेव्हा मधली सुट्टी होऊन गेली होती. मी ‘विचार करा’ एवढेच म्हणून वर्ग सोडला.

वर्गात एकच मुलगा हसला नव्हता. तो मान खाली घालून बसला होता. मुलांची नजर फार तीक्ष्ण असते. जो हसला नाही त्याचे काहीतरी असले पाहिजे, हे त्यांनी ताडले. सोमवारी त्या मुलाला हाक आली ती चित्रपटाच्या नावाने. मंगळवारी ते त्याचे नावच झाले. बुधवारपासून तो शाळेत येईनासा झाला.

“भिंतीएवढं करून का दाखवलं?”

चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. भटक्या समाजातील कुटुंब. वडील गवंडीकाम करतात. दोन वर्षांपूर्वी त्या घराने धम्मदीक्षा घेतलेली. दारात पंचशील ध्वज, आत तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा. मुलगा आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून झोपला होता. झोपला नव्हता, हे मलाही कळत होते आणि घरच्यांनाही.

आईने पाणी दिले. वडील पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, दीक्षा घेतली त्या दिवशी भंतेजी बोलले, आजपासनं तुमचा नवा जन्म. मागचं मागं राहिलं. आमी गाव सोडलं, ते काम सोडलं, देव सोडले. पोराला तर त्यातलं कायबी सांगितलं न्हवतं. आन् तुमी तेच त्याच्याम्होरं भिंतीएवढं करून का दाखवलं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, “माझं चुकलं.” एवढे म्हणायला मला चार दिवस लागले होते.

कोपर्‍यात त्या मुलाचे आजोबा बसले होते. ऐंशीच्या घरातले. ते आपल्या मुलाला म्हणाले, “सरांना कशाला बोलतो? आरं, आपण डुकरं पाळली. चोरी न्हाई केली, कुणाच्या पोटावर पाय न्हाई दिला. गावानं घाण केली, ती आपण उचलली. मग मान त्यांनी खाली घालायची का आपण?”

धम्मबांधवहो, मी पुस्तके वाचून पदवी घेतली आहे. पण त्या दिवशी धम्माचे प्रवचन त्या निरक्षर म्हातार्‍याने केले आणि मी श्रोता होतो.

दोन प्रकारची लाज

भगवंतांनी लाजेविषयी काय शिकविले आहे, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. अंगुत्तर निकायात दोन धम्मांना जगाचे रक्षक म्हटले आहे. एक हिरी, दुसरा ओत्तप्प. हिरी म्हणजे वाईट कर्म करताना स्वतःची वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे त्या कर्माच्या परिणामाचे आणि सुज्ञांच्या निंदेचे भय. या दोन गोष्टी माणसांत नसतील तर जगात कोणाचीच मर्यादा राहणार नाही. म्हणजे लाज ही धम्मात टाकाऊ नाही. ती रक्षक आहे.

पण कशाची लाज? धम्म म्हणतो, कर्माची. जातिव्यवस्था म्हणते, जन्माची. धम्माने लाज वाईट करणार्‍याच्या ठिकाणी ठेवली, वर्णव्यवस्थेने ती उचलून ज्याच्यावर वाईट केले जाते त्याच्या मनात ठेवली. पाणी नाकारणारा मान ताठ ठेवून चालला आणि तहानलेला मान खाली घालून चालला. हजारो वर्षे हा उलटा व्यवहार चालला, आणि इतका मुरला, की पीडितालाच आपण गुन्हेगार आहोत असे वाटू लागले.

राजगृहाच्या सुनीताची कथा आपण विहारात ऐकली असेल. थेरगाथेत ती आहे, आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही ती घेतली आहे. सुनीत हा रस्ते झाडणारा. सकाळी तो केरकचरा भरीत असताना भगवंत भिक्षुसंघासह समोरून आले. सुनीताला कोठे जावे कळेना. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. आपली सावली, आपला स्पर्श कोणाला बाधू नये म्हणून त्याने स्वतःला जणू भिंतीत दडपून टाकले. भगवंत पुढे निघून गेले नाहीत. ते त्याच्याजवळ गेले, त्याच्याशी बोलले आणि त्याला संघात घेतले. भिंतीला चिकटलेल्या माणसाला भिंतीपासून सुटा करून माणसांमध्ये उभा करणे, हे त्या दीक्षेचे मर्म आहे.

जब्याही लपतो. डुकरे पकडताना शालूने आणि वर्गातल्या मुलांनी आपल्याला पाहू नये म्हणून तो आडोसा शोधीत राहतो. माझा विद्यार्थी घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता. राजगृहापासून आमच्या शहरापर्यंत भिंत तीच आहे.

आणि मला हे आधीच कळायला हवे होते. माझी आई झाडूकाम करीत असे. त्या झाडूवर आमच्या घरातला पहिला पदवीधर शिकला. कॉलेजात असताना एकदा मित्रांबरोबर चाललो होतो, तेव्हा समोर आई रस्ता झाडताना दिसली. मी मित्रांना बोलण्यात गुंतवून रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूने निघून गेलो. आईने पाहिले होते. तिने कधी विचारले नाही. आज मी सांगतो, आईच्या झाडूची लाज ही खोटी लाज होती, ती मी बाळगायला नको होती. पण त्या दिवशी रस्ता ओलांडल्याची लाज ही खरी आहे. ती हिरी आहे. ती मी जन्मभर बाळगणार आहे.

दुसर्‍यांदा पाहिले तेव्हा

मुलगा आठवड्याने शाळेत आला. मी प्रथम त्याची एकांतात क्षमा मागितली. मग त्याला आणि त्याच्या वडिलांना विचारले, की त्याच चित्रपटातला थोडा भाग वर्गाला पुन्हा दाखवू का? तुमच्या मुलाचे नाव निघणार नाही, त्याला कोणताही प्रश्न विचारला जाणार नाही. वडिलांनी मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “दाखवा. पण या वेळी थांबवून दाखवा.”

त्या मुलाने मला शिकविण्याची रीत सांगितली. किसा गोतमी मेलेले मूल घेऊन आली तेव्हा भगवंतांनी तिला मृत्यूवर प्रवचन दिले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, असे सांगितले. तिने दारोदार जाऊन पाहिले, विचारले आणि स्वतःच उत्तर आणले. पाहण्याबरोबर विचारणे असले पाहिजे. मी मुलांना पावणेदोन तास नुसते दाखविले होते, मोहरी आणायला पाठविले नव्हते.

या वेळी मी शेवटचा भाग तेवढा घेतला. आधी दहा मिनिटे बोललो. डुकरे पकडणे ही कोणाची हौस नाही, गावाने ठरवून दिलेले काम आहे, ते नाकारण्याची मोकळीक नाही, हे सांगितले. मग तीन ठिकाणी चित्रपट थांबविला.

पहिले ठिकाण. डुक्कर अगदी टप्प्यात आलेले आहे आणि शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्याचे घर जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर निसटून जाते. मी विचारले, “राष्ट्रगीताचा मान येथे कोणी राखला?” वर्ग म्हणाला, “जब्याच्या घराने.” “आणि त्या घराचा मान देशाने किती राखला?” कोणी उत्तर दिले नाही. मी उत्तराचा आग्रहही धरला नाही.

दुसरे ठिकाण. पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर महापुरुषांची चित्रे आहेत, त्यांत बाबासाहेबही आहेत. एक मुलगी म्हणाली, “सर, चित्रं काढली, पण भिंतीखालून काय चाललंय ते कोणी बघत नाही.” मी त्यावर काही बोललो नाही. आमच्याही शाळेच्या भिंतीवर तीच चित्रे आहेत.

तिसरे ठिकाण. गावातले लोक मजा पाहत बसले आहेत, चेष्टा करीत आहेत, हसत आहेत. मी तेथे चित्र थांबविले आणि म्हणालो, “हे लोक हसत आहेत. मागच्या वेळी आणखी कोण हसले होते?” वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “आपण.” पडद्यावर हसणारे आणि पडद्यासमोर हसणारे यांच्यात काही फरक उरला नाही, हे त्या एका शब्दात मुलांनी स्वतः शोधले. तोपर्यंत मी केलेले सगळे ‘एहिपस्सिको’ होते. ‘ओपनाय्यिको’ त्या क्षणी सुरू झाले.

मग मी कोरे कागद वाटले. नाव लिहायचे नाही. एकच प्रश्न होता: ‘मी कोणावर, कशासाठी हसलो, किंवा कोणाला कोणते नाव ठेवले?’ त्या चिठ्ठ्या मी कोणाला वाचून दाखविल्या नाहीत. दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगतो. एकाने लिहिले, की कचरा न्यायला येणार्‍या काकांना पाहून मी नाक धरतो आणि लहान भावालाही शिकविले आहे. एकीने लिहिले, की एका मैत्रिणीच्या डब्यातले खाऊ नकोस असे घरी सांगितले, म्हणून मला भूक नाही असे मी रोज खोटे बोलते. आणि एका चिठ्ठीवर लिहिले होते, ‘आम्ही बौद्ध आहोत. तरी तो शब्द पहिल्यांदा मीच म्हणालो.’

उपासक-उपासिकांनो, ही चिठ्ठी वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. हे पोर आपल्या वस्तीतले आहे. त्याचे पणजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर होते, हे त्याच्या घरी अभिमानाने सांगतात. त्या दिवशी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापन करण्याची प्रतिज्ञा आहे. तीन पिढ्या ती प्रतिज्ञा घरात म्हटली गेली. आणि चौथ्या पिढीतला मुलगा, काल-परवा धम्मात आलेल्या भटक्या समाजाच्या मुलाला डुकराच्या नावाने हाक मारतो. २००७ साली मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्त बांधवांनी मोठ्या संख्येने धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजविणे सोपे असते. आपल्या मुलाच्या बाकावर त्यांचा मुलगा बसतो तेव्हा खरी कसोटी असते. आपल्या आजोबांवर जे हसले त्यांना आपण विसरलो नाही, हे योग्यच आहे. पण आपण कोणावर हसतो, याचाही हिशेब ठेवला पाहिजे. चिठ्ठी लिहिणार्‍या मुलाने तो ठेवला. त्याच्या मनात हिरी जागी झाली, एवढे मी त्या दिवसाचे फळ मानतो.

सर्व काही एका दिवसात बदलले, असे सांगून मी आपणास फसविणार नाही. काही आठवड्यांनी मैदानावर ती हाक मी पुन्हा ऐकली. पण या वेळी डबा न खाणार्‍या मुलीनेच, मला वाटते तीच असावी, त्या मुलाला जागच्या जागी दटावले. ज्याला हाक मारली गेली होती तो आता दहावीत आहे. तो फार बोलका झाला असे नाही. परंतु पालकांच्या सभेला आजोबांना घेऊन येतो आणि त्यांचा हात धरून पटांगणाच्या मधून चालतो.

पडद्यावरची लाज कशी सरकत गेली

मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, असे पालक मला विचारतात. मी एकच कसोटी सांगतो. चित्रपट संपताना लाज कोणाच्या पदरात पडते, ते पाहावे.

१९३६ साली ‘अछूत कन्या’ आला. अशोककुमार आणि देविका राणी यांचा हा चित्रपट त्या काळी धाडसाचाच होता. पण त्यात अस्पृश्य मुलीच्या वाट्याला शेवटी मरण येते आणि प्रेक्षक हळहळून घरी जातो. त्याच १९३६ सालच्या मे महिन्यात बाबासाहेबांनी मुंबईत ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण करून धर्मांतर का करावे ते समजावून सांगितले. पडदा हळहळत होता आणि बाबासाहेब बाहेर पडण्याची वाट दाखवीत होते, हा फरक मुलांना सांगावा.

१९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतनने ती भूमिका फार जीव ओतून केली आहे. उच्चवर्णीय घरात वाढलेली ही मुलगी आपले रक्त देऊन पालक मातेचा जीव वाचविते, तेव्हा त्या मातेचे मन पालटते. चित्रपट चांगल्या मनाने केलेला आहे. पण मुलांना जरूर विचारावे: रक्त दिले नसते, तर सुजाता माणूस नव्हती काय? माणुसकी सिद्ध करण्याचे काम जिच्यावर अन्याय झाला तिच्यावरच का?

‘फँड्री’त शेवटचा दगड जब्या फेकतो आणि तो थेट आपल्या दिशेने येतो. तेथे प्रेक्षकाला हळहळून सुटता येत नाही. लाज पडद्यावरून उठून आपल्या खुर्चीपर्यंत येते.

आणि २०२१ सालचा तमिळ ‘जय भीम’. १९९३ सालच्या एका खर्‍या खटल्यावर तो आधारलेला आहे. तो खटला पुढे न्यायमूर्ती झालेले वकील के. चंद्रू यांनी लढविला होता. त्यातील सेंगेनी ही आदिवासी स्त्री नवर्‍याच्या कोठडीतील मृत्यूनंतर पैसे घेऊन गप्प बसण्याचे नाकारते. अखेरीस तिची लहान मुलगी वकिलासमोर खुर्चीवर बसते, त्याच्यासारखेच पायावर पाय टाकून वर्तमानपत्र हातात घेते. त्या मुलीच्या बसण्यात लाजेचा मागमूस नाही. पण एक सावधगिरी सांगतो. कोठडीतील मारहाणीची दृश्ये त्यात फार भयंकर आहेत. ती लहान मुलांना दाखवू नयेत. आधी मोठ्यांनी एकट्याने पाहावे, मग कोणता भाग दाखवायचा ते ठरवावे.

दगडाचे काय?

एका पालकांनी मला रास्त शंका विचारली, “गुरुजी, हे पाहून पोरांच्या हातात दगड आला तर?”

राग येणारच. अन्याय पाहून ज्याला राग येत नाही, त्याने नीट पाहिलेच नाही. परंतु वैराने वैर वाढतच जाते, ही तथागतांची शिकवण आहे. रागाचे काय करावे, हे चित्रपट सांगत नाही. ते आपण सांगायचे असते आणि त्यासाठी आपल्याजवळ महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर आपल्या बेसावध लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. बाबासाहेबांच्या एका शब्दाने महाडमध्ये रक्तपात होऊ शकला असता. त्यांनी लोकांना आवरले. मग ते न्यायालयात लढले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत राग विझला नव्हता, तो कामाला लावला होता. मुलांना चित्रपटानंतर हा इतिहास सांगितला, की त्यांच्या मनातल्या दगडाला वाट मिळते. डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात महाडचा प्रसंग आहे. तो ‘फँड्री’नंतर जोडून दाखवावा, असा माझा अनुभव आहे.

घरी काय करावे

आता मोबाइल घरोघरी आहे. मुले काय पाहतात हे पुष्कळदा आपल्याला माहीत नसते. म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझी कळकळीची विनंती आहे, की महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर सर्वांनी मिळून असा एखादा चित्रपट पाहावा. सगळा पाहण्याचा हट्ट नको. अर्धा तास पाहावा आणि तितकाच वेळ बोलावे. मुलांना ‘तुला काय वाटले?’ एवढेच विचारू नये, त्याचे उत्तर ‘वाईट वाटले’ असे ठरलेले असते. ‘या गोष्टीत तू असतास तर कोठे उभा असतास?’ असे विचारावे. आणि आईवडिलांनी आधी स्वतःचे उत्तर द्यावे.

कोणत्याही मुलाला चारचौघांत उठवून ‘तुझ्यावर काय बेतले ते सांग’ असे म्हणू नये. मूल हा पुरावा नव्हे. शाळेत शिक्षकांनी असे केले, तर त्यांना आदराने पण स्पष्टपणे सांगावे.

घरात नावे ठेवण्याची सवय असेल तर ती प्रथम मोडावी. सम्यक वाचा ही अष्टांगिक मार्गातील पायरी आहे. मुले वर्गात जो शब्द उच्चारतात, तो पुष्कळदा स्वयंपाकघरात ऐकलेला असतो. दुसर्‍या समाजाविषयी, दुसर्‍या पोटजातीविषयी, गटार साफ करणार्‍या माणसाविषयी आपण घरात काय बोलतो, ते मूल ऐकत असते.

आणि शेवटची गोष्ट, जी त्या गवंडी बांधवाला मी नंतर सांगितली. दीक्षा म्हणजे मागचे लपविणे नव्हे. बाबासाहेबांनी आपला भूतकाळ कधी लपविला नाही. त्यांनी तो लिहून ठेवला, जगासमोर मांडला, कारण त्यात लाजिरवाणे जे होते ते त्यांच्या पदरचे नव्हते. मुलांना आजोबांचे कष्ट सांगा. कोणते काम केले, का करावे लागले, कोणी करायला लावले, आणि आपण ते कसे सोडले, हे सर्व सांगा. घरात ऐकलेले असेल, तर पडद्यावर पाहून ते मूल मान खाली घालणार नाही. आणि बाहेरून कोणी हाक मारली, तर त्या मुलाला ठाऊक असेल, की मान खाली कोणी घालायची.

सुनीत भिंतीपासून सुटला तो परत भिंतीला चिकटला नाही. आपली मुलेही चिकटू नयेत, आणि आपल्या हसण्याने दुसर्‍या कोणाचे मूल भिंतीशी जाऊ नये, एवढी दक्षता आपण घेऊ या. ये आणि पाहा, असे भगवंत म्हणाले. आपण पाहिले. आता ते आत न्यायचे आहे.

सर्वांचे कल्याण होवो. भवतु सब्ब मंगलं.

नमो बुद्धाय! जय भीम!